मामा तलावाचा काठ कसा जगवायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

तलाव वाचवायचा ठरला की गावातला पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. आम्हीही तेच केलं होतं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहान मामा तलावातला (मामा म्हणजे माजी मालगुजारी, मालगुजारांच्या काळातला जुना गावतलाव) गाळ उन्हाळ्यात उपसला, काठ उभा कापून सरळ केला, वर मुरूम टाकून फिरायला रस्ता केला. पाऊस आला, तलाव तुडुंब भरला, आणि काम फत्ते झालं असं वाटलं. त्या हिवाळ्यात तलावावर एक कमळपक्षी दिसला नाही. अडई बदकं वरून फिरून गेली, उतरली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पाणी हिरवं पडलं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मच्छीमार संस्थेतले एक वयस्क ढिवर काका मला काठावर घेऊन गेले आणि विचारलं, इथे पाणी गुडघाभर असायचं ते कुठे गेलं? मरळ पिल्लं कुठे घालणार आता? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं पूर्व विदर्भातली आहेत, कारण मला ते तलाव माहीत आहेत. तुमचा तलाव वेगळा असेल, तरी कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

आधी काठ म्हणजे काय ते नीट कळू द्या

काठ म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यामधली रेघ असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो एक पट्टा असतो. सप्टेंबरात तलाव भरलेला असताना पाणी जिथपर्यंत पोचतं तिथे एक खुंटी ठोका. मे महिन्यात पाणी आटून जिथे मागे सरकतं तिथे दुसरी. या दोन खुंट्यांमधली जमीन म्हणजे काठ. वर्षातले काही महिने ती पाण्याखाली असते, काही महिने उघडी. आमचे मामा तलाव उथळ, सपाट जमिनीवर पाळ (मातीचा बांध) घालून अडवलेले. त्यामुळे कित्येक तलावांत हा पट्टा निम्म्या तलावाएवढा निघतो.

या उथळ भागात तळापर्यंत ऊन पोचतं आणि वनस्पती रुजतात. त्यांची मुळं गाळ धरून ठेवतात, वाऱ्याने पाणी ढवळलं तरी माती वर येत नाही. पाण्यात आलेलं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) त्या शोषून घेतात. डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणपिसवांसारखे जीव त्यांच्या पानांआड लपतात आणि शेवाळ खातात. मासे तिथेच अंडी घालतात. म्हणजे वनस्पतींमुळे पाणी नितळ राहतं आणि पाणी नितळ असल्यामुळे वनस्पती जगतात.

हे चक्र उलटंही फिरतं, आणि उलटं फिरलं की तितकंच घट्ट बसतं. वनस्पती गेल्या की गाळ ढवळतो, शेवाळ वाढतं, ऊन तळाशी पोचत नाही, मग नव्या वनस्पती उगवत नाहीत. म्हणून हिरवा पडलेला उथळ तलाव आपोआप सुधारण्याची वाट बघत बसू नका. बाहेरून येणारी घाण थांबवली तरी तो बरेच दिवस हिरवाच राहू शकतो. घाण थांबवणं आणि वनस्पती परत आणणं ही दोन्ही कामं करावी लागतात, आणि याच क्रमाने करावी लागतात.

पहिली पायरी: एक वर्ष बघा, विचारा, लिहा

नवख्यांना हे सगळ्यात कठीण जातं. हात शिवशिवत असतात. तरी पहिलं वर्ष तलावाला तीन वेळा पूर्ण फेरी मारा: मे महिन्यात, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत. साध्या वहीत हाताने नकाशा काढा. पाळ कुठे, तुडूम (शेतीला पाणी सोडायचं दार) कुठे, सांडवा (आमच्याकडे सलंग म्हणतात) कुठे, गावातली नाली कुठून उतरते, ढोरं कुठे पाण्यात शिरतात, बायका कपडे कुठे धुतात, बेशरम हे परकं झुडूप कुठे माजलं आहे, कुठल्या कोपऱ्यात अजून जुनी वनस्पती शिल्लक आहे. शेवटचं फार महत्त्वाचं. तलावाच्या एखाद्या दुर्लक्षित कोपऱ्यात मूठभर जुन्या वनस्पती तग धरून असतात, तीच पुढे तुमची रोपवाटिका ठरते.

माहिती ढिवरांकडून घ्या, आणि घरातल्या पुरुषाशी बोलून थांबू नका. ढिवर बायका वर्षानुवर्षं पाण्यात उतरतात. कुठलं पान कुठल्या खोलीला येतं, कुठल्या गवतात कुठला मासा सापडतो, हे त्यांना पाठ असतं. अर्जुनी मोरगाव भागात तलावांच्या पुनरुज्जीवनाचं जे काम उभं राहिलं त्याचा पाया हाच आहे. मनीष राजनकर आणि पतिराम तुमसरे यांनी मच्छीमार संस्थांसोबत आधी जुन्या वनस्पती आणि स्थानिक मासे यांची माहिती गोळा केली, मग तलावात बेशरम काढून त्या वनस्पती पुन्हा लावल्या. तुम्हाला शक्य असेल तर त्या भागातला एखादा तलाव प्रत्यक्ष पाहून या. दहा लेख वाचण्यापेक्षा ती एक फेरी जास्त शिकवते.

वनस्पतींची नावं गावोगाव बदलतात. त्यामुळे नाव लिहून घेताना पानाचा फोटो काढा, एक फांदी वर्तमानपत्रात दाबून सुकवा, शेजारी गावातलं नाव लिहा.

तलाव कोणाचा?

हा प्रश्न टाळून केलेलं काम एका तक्रारीने बंद पडतं. पूर्व विदर्भातले बरेचसे तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांकडे, होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि नावापुढे 'माजी' लागलं. माजी मालगुजारीची आद्याक्षरं म्हणजे मामा. असे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सहा हजारांहून अधिक आहेत.

आज शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव बहुतेक करून जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, पाणी खालच्या धानशेतीला, आणि ढोरांना पाणी पाजणं, आंघोळ, माती काढणं हे निस्तार हक्क सगळ्या गावाचे. म्हणजे एका तलावावर चार जणांचा हात. सातबारा काढा, तहसिलीतून निस्तार पत्रकाची, म्हणजे या गावहक्कांच्या नोंदीची, नक्कल घ्या आणि ग्रामसभेत ठराव करा. तलाव वनजमिनीत येत असेल तर २००६ चा वनहक्क कायदा वाचा. त्यात पाणवठ्यातल्या मासळीवर आणि इतर उपजावर सामूहिक हक्क मागता येतो.

आणखी एक गोष्ट. पाणथळ संवर्धनाचे २०१७ चे केंद्राचे नियम आपल्या तलावाला आपोआप लागू होतील असं समजू नका. खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलसाठे त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. मला ही तरतूद चुकीची वाटते, कारण तीनशे वर्षं जगलेला तलाव आणि कालचं सिमेंटचं टाकं एका मापात बसत नाहीत. पण आज ती आहे. त्यामुळे मामा तलावाचं खरं संरक्षण ग्रामसभेच्या ठरावात आणि संस्थेच्या ठेक्यात असतं.

दुसरी पायरी: पाणी मोजा, तेही स्वस्तात

स्टीलची किंवा पत्र्याची २० सेंटिमीटर व्यासाची ताटली घ्या. चार भाग आखून एकाआड एक काळा आणि पांढरा रंग द्या. मधोमध भोक पाडून दोरी बांधा, खाली वजन लावा, दोरीवर दर १० सेंटिमीटरला गाठ मारा. दुपारी बारा-एकच्या सुमारास डोंग्यातून, सावलीच्या बाजूने, ताटली पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली ती खोली लिहा. वर ओढा, पुन्हा दिसू लागली ती लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमच्या पाण्याची पारदर्शकता. शास्त्रज्ञ हीच पद्धत वापरतात, फक्त त्यांची ताटली विकत आणलेली असते.

ढोबळ हिशेब असा की बुडीत वनस्पती या आकड्याच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत तग धरू शकतात. ताटली २० सेंटिमीटरवर गडप होत असेल तर मीटरभर पाण्यात रोपं लावणं म्हणजे श्रम वाया घालवणं आहे. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, त्याच वेळी मोजा. शाळेतली मुलं हे काम मनापासून करतात.

दुसरं माप विरघळलेल्या ऑक्सिजनचं. त्यासाठी तपासणी संच विकत मिळतो, किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्याला लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि ६.५ ते ८.५ सामू (पीएच) अशी मर्यादा ठेवली आहे. नमुना पहाटे घ्या. दुपारी शेवाळ ऊन खाऊन ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे आजारी तलावही दुपारी ठणठणीत दिसतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं आणि सूर्य उगवण्याआधी पाणी गुदमरलेलं असतं. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसांनंतरची पहाट सगळ्यात धोक्याची.

मासे वर येऊन तोंड मारू लागले तर त्या दिवशी पाण्यात काहीही टाकू नका. पंप लावून तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात फवाऱ्यासारखं पाडा, आणि ढोरं दोन दिवस दुसरीकडे न्या. हा तात्पुरता उपाय आहे, पण एक पूर्ण हंगाम वाचवू शकतो.

तिसरी पायरी: येणारी घाण अडवा

नालीपासून सुरुवात करा. गावचं सांडपाणी थेट तलावात येत असेल तर घरोघरी शोषखड्डे हा पहिला उपाय, आणि रोजगार हमीतून तो होतो. नालीच्या तोंडाशी दोन खड्डे एकामागून एक खणा. पहिल्यात गाळ बसेल, दुसऱ्यातून पाणी कर्दळ, अळू, वाळा लावलेल्या रुंद पट्ट्यातून पसरत जाईल असं करा. अरुंद नालीत लावलेली कर्दळ काही कामाची नसते, पाणी पसरून सावकाश गेलं पाहिजे. पहिला खड्डा दर उन्हाळ्यात उपसायचा. तो उपसणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. हे न ठरवल्यामुळे अशी व्यवस्था दोन वर्षांत निकामी झालेली मी तीन गावांत पाहिली.

नंतर येतं ते वरच्या शेतांचं पाणी. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो फॉस्फेट असतं. ते मातीच्या कणांना चिकटतं आणि पहिल्या जोरदार सरीत मातीसोबत वाहून तलावात येतं. म्हणून तलावाच्या वरच्या अंगाला बांधीचे (धानाच्या खाचराचे) धुरे, म्हणजे बांध, धड असणं आणि तलावाला लागून गवताचा पट्टा असणं याला मोल आहे. वरच्या शेतकऱ्यांशी भांडून उपयोग नाही. त्यांचीही माती जाते आहे, तिथून बोलायला सुरुवात करा.

कपडे धुण्याची जागा बंद करू नका. बायकांना पर्याय न देता बंद केलेली जागा आठवड्याभरात दुसरीकडे उघडते. काठापासून वर, हातपंपाजवळ किंवा टाकीजवळ, धुण्याचे दगड बसवा आणि तिथलं पाणी शोषखड्ड्यात सोडा. ढोरांसाठी एकच उतार ठरवा, तिथे दगड-मुरूम टाका आणि बाकीचा काठ मोकळा ठेवा. मूर्ती आणि निर्माल्यासाठी वेगळं कुंड.

एक गोष्ट संस्थेतच बोलावी लागते. मत्स्यशेतीच्या सल्ल्यात तलावात शेण, युरिया, सुपर फॉस्फेट टाकायला सांगतात, पाण्यात माशांचं बारीक खाद्य वाढावं म्हणून. बंदिस्त शेततळ्यात ते चालतं. गावाच्या तलावाला नालीतून, शेतातून आधीच पुष्कळ खत मिळत असतं. त्यात आणखी टाकलं की शेवाळाचा भडका उडतो. हा मुद्दा हिशेबाने मांडा: खताचा खर्च, मेलेली मासळी आणि हातात आलेले पैसे. आमच्या संस्थेत एका हंगामाचा हिशेब फळ्यावर लिहिल्यावर वाद थांबला.

चौथी पायरी: बेशरम काढणं

बेशरम मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. कुंपणाला म्हणून लावली गेली आणि तलावांच्या काठाने पसरली. ढोरं ती सहसा खात नाहीत, आणि चाऱ्याच्या टंचाईत शेळ्यांनी खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. तिच्या दाट जाळीत गाळ साचतो, तलाव काठाकडून भरत येतो आणि जाळी आणखी आत सरकते. तिच्याखाली दुसरं काहीही उगवत नाही.

नवखे लोक ती पावसाळ्यात कापतात. ही सर्वात महागडी चूक. कापलेला प्रत्येक तुकडा पाण्यावर तरंगत जातो आणि जिथे टेकतो तिथे मुळं धरतो. एका जागची बेशरम दहा जागी होते. ती काढायची एप्रिल-मेमध्ये, तळ उघडा पडल्यावर, आणि मुळासकट. कुदळीने खणा, मोठ्या जाळ्या असतील तर ट्रॅक्टरला साखळी बांधून उपटा. उपटलेलं सगळं भरावाच्या रेषेच्या, म्हणजे तलाव भरल्यावर पाणी पोचतं त्या पहिल्या खुंटीच्या, बऱ्याच वर नेऊन रचा आणि कडक वाळू द्या. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पहिल्या वर्षी एकदा, पावसाळ्याआधी पुन्हा एकदा, आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात उरलेले कोंब. चौथ्या वर्षी अर्ध्या दिवसाचं काम उरतं. एक वर्ष चुकवलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

जलपर्णी असेल तर फुलायच्या आत हाताने ओढून काठावर घ्या, कारण तिचं बी चिखलात कित्येक वर्षं जिवंत राहतं. तणनाशक मारू नका. गावातली माणसं आणि ढोरं तेच पाणी वापरतात, आणि मेलेली वनस्पती एकदम कुजली की ऑक्सिजन संपून मासे मरतात.

आणि हे ठळक अक्षरांत वहीत लिहा: पाण्यातलं सगळं हिरवं तण नसतं. स्वच्छता मोहिमेत उत्साही मंडळींनी हायड्रिला, कुमुदिनी आणि लव्हाळाही ओढून काढल्याचं मी पाहिलं आहे. मोहिमेच्या आदल्या दिवशी काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही याचे नमुने दोन बादल्यांत ठेवून सगळ्यांना दाखवा.

गाळ: काढा, पण कुठून?

गाळ काढायला माझा विरोध नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने कित्येक शेतांना चांगली माती मिळाली. पण यंत्र तलावात उतरण्याआधी चुन्याने रेषा मारा. भरावाच्या रेषेपासून आतला उथळ पट्टा सोडून द्या, तिथे खोरंसुद्धा लावायचं नाही. गाळ मधल्या भागातून काढा आणि तिथे एक-दोन खोल डोह होऊ द्या, म्हणजे मे महिन्यात मरळ, मागूर, शिंगी यांना आसरा राहतो. डोहापासून काठाकडे येणारा उतार इतका सौम्य ठेवा की म्हातारं माणूस काठीशिवाय चढून येईल. पाळीच्या पायथ्याजवळ खणायचं नाही. किती अंतर सोडायचं हे विभागाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. तळाची घट्ट चिकणमाती लागली की थांबा, ती फोडली तर पाणी झिरपून जाईल.

सगळा तलाव एका उन्हाळ्यात खणू नका. अर्धा यंदा, अर्धा पुढच्या वर्षी. चिखलात दडलेले कंद, बिया, गोगलगाई, शिंपले उरलेल्या अर्ध्यातून पसरत येतात.

दगडी पिचिंगने, म्हणजे दगडांच्या अस्तराने, सगळीकडून बांधलेला काठ, त्यावर कठडे आणि रंगीत दिवे याला सौंदर्यीकरण म्हणतात. पाळीच्या लाटा आदळणाऱ्या बाजूला दगड हवेतच. तलावाच्या उरलेल्या तीन बाजूंना ते लावणं म्हणजे तलावाला हौदात बदलणं. असा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत उभं राहून विरोध करा. पैसा परत जाईल अशी भीती घातली जाते. तो पैसा नाल्यांवर आणि शोषखड्ड्यांवर खर्च करायची मागणी लेखी द्या.

पाचवी पायरी: रोवणी

आमच्याकडे धान रोवता येणाऱ्या प्रत्येकाला तलाव रोवता येतो. हात तेच, वाकणं तेच.

बेशरम काढलेल्या जागेत मे अखेरीस एक उथळ नांगरट करा, म्हणजे माती मोकळी होते आणि उरलेली मुळं वर येऊन वाळतात. रोपं शेजारच्या तलावातूनच आणा, शहरातल्या रोपवाटिकेतून किंवा माशांच्या काचेच्या टाक्यांचं दुकान चालवणाऱ्याकडून नाही. जलपर्णीसारखी नवी पीडा अशीच येते. ज्या तलावातून आणाल तिथल्या संस्थेला विचारा, आणि एका जागचं सगळं उपटू नका.

काठावरून आत जाताना तीन पट्टे डोळ्यांसमोर ठेवा. सगळ्यात वर, पावसाळ्यात घोटाभर पाणी येतं तिथे, लव्हाळा आणि देवधान. हे जूनअखेर, पहिल्या पावसात लावायचं, पाणी चढेल तसं ते उंच होत जातं. देवधान म्हणजे रानचं धान, न नांगरता येणारं. त्याच्या दाण्यांवर पक्षी येतात, त्याच्या बुडख्यात मासे अंडी घालतात. एक सावधगिरी घ्या. ते तुडुमाच्या जवळ लावू नका. बी पाण्यासोबत खालच्या बांध्यांत गेलं आणि शेतकऱ्याच्या धानात रानधान उगवलं तर तो तुमच्या कामाचा कायमचा विरोधक होईल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

मधल्या, कमरेएवढ्या पाण्यात, कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांच्या वनस्पती. कंद ओल्या पोत्यात आणायचे, चिखलात बोटभर खोल दाबायचे. कमळ सुंदर दिसतं म्हणून सगळीकडे लावू नका, लहान तलाव ते काही वर्षांत झाकून टाकतं आणि खाली ऊन पोचत नाही. एका कोपऱ्यात असू द्या. पाणकणसाचंही तसंच.

सगळ्यात आत बुडीत वनस्पती: हायड्रिला, सिरॅटोफायलम, व्हॅलिसनेरिया. या तिन्ही आपल्याच. यांची घाई करू नका. जुलैमध्ये पाणी गढूळ असतं, फांद्या सडतात. गाळ बसून ताटली निदान अर्ध्या मीटरपर्यंत दिसू लागली की, म्हणजे ऑगस्ट अखेर किंवा सप्टेंबरात, लावा. दहा-बारा फांद्यांची जुडी तणसाने बांधा, बुडखा मुठीएवढ्या चिकणमातीत लिंपा आणि डोंग्यातून हलकेच सोडा. माती खाली बसते, फांदी उभी राहते. सिरॅटोफायलमला मुळं नसतात, त्यामुळे ते वाऱ्याने एका बाजूला जमा होतं. त्यात काही बिघडलं असं समजू नका.

पहिल्या वर्षी तलावाचा फक्त दहावा भाग रोवा आणि बांबूचं कुंपण घाला. आमचं पहिलं रोपण ढोरांनी एका आठवड्यात फस्त केलं होतं. चूक ढोरांची नव्हती, गुराख्याला आम्ही बैठकीला बोलावलंच नव्हतं.

काठाच्या वर, कोरड्या जमिनीवर, अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. पाळीवर मात्र नवी मोठी झाडं लावू नका, झाड मेलं की कुजलेल्या मुळांच्या वाटेने पाणी पाळीतून झिरपतं. तिथे गवत पुरेसं आहे.

मासे सोडताना

तुमची सगळी रोवणी एका हंगामात संपवू शकेल असा एक मासा आहे: ग्रास कार्प. तो पाण्यातल्या वनस्पतीच खातो. तण कमी करायला म्हणून त्याची बोटुकली सोडायचा सल्ला मिळतो. रोवलेल्या तलावात ती सोडायची नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो, तोही नको. थाई मागूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकी मागूर तर देशात २००० सालापासून बंदी असलेला आहे. रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडायला हरकत नाही, संस्थेचं पोट त्यावर चालतं. फक्त बीज पुरवणाऱ्याकडून पिशवी उघडून पाहून घ्या, मिसळ असते.

स्थानिक मासे विकत आणावे लागत नाहीत. जून-जुलैत पहिल्या पुरात ते सलंगीतून आणि नाल्यातून चढतात. त्या आठ-दहा दिवसांत तिथे जाळं किंवा अडसर लावायचा नाही, एवढा एक नियम संस्थेने पाळला तर पुष्कळ होतं. मरळ आपल्या पिल्लांचा थवा राखत फिरते. लालसर पिल्लांचा घोळका दिसला की त्याच्यामागची मोठी मरळ पकडायची नाही, हा नियम जुनी माणसं पाळत आली आहेत. नव्या पोरांना तो सांगावा लागतो.

तुडुमाशी करार

ऑक्टोबरात धान पोटऱ्यांत असताना शेवटचं पाणी हवं असतं. तेव्हा कोणी वनस्पती आणि माशांची गोष्ट काढली तर भांडण ठरलेलं. म्हणून हे बोलणं मे महिन्यात करा. तलावात एक लोखंडी खांब रोवा, त्यावर ठळक लाल पट्टा मारा. पट्ट्याखाली पाणी गेलं की तुडूम बंद, हे शेतकरी आणि संस्था दोघांनी सही करून ठरवायचं. पट्टा कुठे असावा यावर वाद होईल. पहिल्या वर्षी शेतकऱ्याच्या बाजूने झुका, पट्टा थोडा खाली ठेवा. डोहात पाणी राहिलं की झालं. पाळलेला खालचा पट्टा मोडलेल्या वरच्या पट्ट्यापेक्षा बरा.

काय दिसेल आणि कधी

पहिल्या हिवाळ्यात फारसं काही नाही. पाणी कदाचित आणखी गढूळ वाटेल, कारण तुम्ही तळ हलवला आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रोवलेल्या भागाभोवती पाणी नितळ दिसू लागतं, आधी एक ठिगळ, मग मोठं. चतुर वाढतात. कुमुदिनीच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी आला की खाली पानं पुरेशी झाली असं समजा. बदकं त्यानंतर. सारसाची घाई करू नका. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि आसपास उरला आहे, आणि त्याला तलावासोबत शांत धानबांध्याही लागतात. पण जोडी एकदा काठावर उतरली तर लगेच शेतमालकाला गाठा. घरटं त्याच्याच बांधीत होईल.

पक्ष्यांची मोजणी जानेवारीत करा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून याच महिन्यात होते, त्यामुळे तुमचे आकडे इतर तलावांशी ताडून पाहता येतात. मासळीचा हिशेब जातवार ठेवा, नुसते एकूण किलो नकोत. एकूण उत्पन्न तेवढंच राहून मरळ आणि शिंगी परत आली असेल, तर ते फक्त जातवार वहीतच दिसेल. ही वही माणसाच्या घरी न ठेवता संस्थेच्या कपाटात ठेवा. ठेक्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तीच दाखवायची आहे.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेजारच्या गावाचा माणूस रोपं मागायला येईल. त्याला फांद्या पहाटे काढून द्या, ओल्या गोणपाटात सैल गुंडाळून, दाबून नाही. त्याआधी प्रत्येक जुडी बादलीत खळबळून बेशरमेचा तुकडा किंवा जलपर्णीचं पिलू अडकलेलं नाही ना ते बघा. वाटेत तासातासाला पाणी शिंपायला सांगा, आणि संध्याकाळच्या आत रोवणी उरकायला माणसं तयार आहेत का, ते गाडी निघण्याआधीच विचारून घ्या.